पाडव्याची रेघ

आमच्या खाडीचा सगळा इतिहास आम्ही आठ वर्षं जेवून मागच्या दारी फेकत होतो, आणि वर सरकारलाच विचारत होतो की पुरावा कुठे मिळेल! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

मी दर्शना कोयंडे, वय अठ्ठेचाळीस, गाव नांदवळी. ओहोटीला चिखलात बसून तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढायच्या आणि बाजारात वाटे लावून विकायच्या, हे माझ्या आईचं काम, तिच्या आईचं काम आणि माझंही. फरक एवढाच की बारावी सायन्स झालेली तिसऱ्यावाली अख्ख्या खाडीकाठी मी एकटीच. लग्न करून गेले ती कुठे, तर माहेरापासून चार घरं पलीकडे. त्यामुळे धाकट्या भावावरची, नितेशवरची माझी नजर कधी ढळली नाही, असं मला आपलं वाटायचं.

दोन हजार पस्तीस साली आमच्याकडे परदेशी कंपनी आली. तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून सगळे तिला 'बॅटरी' म्हणायला लागले. "पोरगा काय करतो?" "बॅटरीत आहे." जुन्या विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या जहाजांनी यायच्या, त्या फोडून त्यातलं निकेल, कोबाल्ट वेगळं काढायचं आणि नव्या बॅटऱ्यांसाठी परत पाठवायचं. गोव्याला हॉटेलात ताटं उचलणारी आमची पोरं घरी परतली. पहिल्या तारखेला घराघरातले फोन पगाराचे टुणटुण वाजायला लागले. कौलं उतरली, स्लॅब पडले, पावभाजीच्या गाडीचं एसी हॉटेल झालं. खोटं कशाला बोलू, मलाही मजा वाटत होती. नितेशने टँकर घेतला आणि कंपनीचं वापरलेलं पाणी वाहून न्यायचं काम घेतलं. टँकरच्या कपाळावर त्याने मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं : 'आबांचा आशीर्वाद'.

आणि तिसऱ्या मात्र आटत चालल्या. शिंपी पातळ झाली, चव कडवट झाली. गावात दोन पक्ष पडले, बॅटरीवाले आणि खाडीवाले. खाडीवाले म्हणायचे, कंपनी घाण सोडते. कंपनी म्हणायची, आमचा एक थेंबही खाडीत जात नाही, सगळं पाणी टँकरने घाटावरच्या शुद्धीकरण केंद्रात जातं. अशात कंपनीने दुसरा टप्पा जाहीर केला. कारखाना तिप्पट होणार आणि आणखी बाराशे नोकऱ्या निघणार. जनसुनावणीची तारीखही लागली. त्याआधी आठ वर्षांत खाडीचं नेमकं काय झालं ते शोधा, असा हुकूम निघाला आणि पुण्याहून डॉ. केतकी दातार आमच्या मच्छीमार सोसायटीत दाखल झाली. वय असेल तीस, गाडीतून उतरतानाच चपला काढून चिखलात शिरली. मला ती तिथेच आवडली.

तिच्या हातात भाताच्या कुकरएवढं एक यंत्र होतं. नाव 'थरवाचक'.

"दर्शनाताई, तिसरी पाण्याखाली असते तेव्हा तोंड उघडते, खाते आणि शिंपीच्या कडेला एक थर चढवते," केतकी सांगायला लागली. "ओहोटीला तोंड मिटून बसते, तेव्हा थर थांबतो आणि बारीक काळी रेघ पडते. म्हणजे एका भरतीचा एक थर, दिवसाला दोन थर. आणि त्या भरतीच्या पाण्यात जे विरघळलेलं असेल, ते चिमूटभर त्या थरात अडकतं. कायमचं!"

"म्हणजे झाडाच्या खोडात वर्षाचं कडं असतं, तसं?"

"तसंच. पण वर्षाचं नाही, अर्ध्या दिवसाचं! हे शास्त्र जुनंच आहे, ताई. पूर्वी एक शिंपी वाचायला मोठी प्रयोगशाळा लागायची, महिने जायचे. हे यंत्र लेझरने केसाच्या जाडीचा कण उडवतं, त्याची वाफ करतं आणि त्यात कोणता धातू किती आहे ते सांगतं. एका शिंपीला वीस मिनिटं."

"पण तिसरी जगते दोन-तीन वर्षं. आठ वर्षांचं कुठून आणणार?"

"तीच तर अडचण आहे. जुन्या शिंप्या कुठे मिळतील?"

मी हसतच सुटले. तिचा हात धरून तिला माझ्या मागच्या दारी नेलं. तिथे माझ्या कमरेएवढा शिंप्यांचा ढीग होता. वरती कालच्या, खाली माझ्या सासूच्या काळातल्या. केतकी त्या ढिगासमोर मटकन खाली बसली. "अगं बाई, हे तर ग्रंथालय आहे!" असं म्हणून तिने मला मिठीच मारली.

तीन आठवडे आम्ही दोघी खुळ्यासारख्या कामाला लागलो. मी शिंप्या निवडायच्या, धुवायच्या, कापायच्या आणि यंत्रात ठेवायच्या. दर पावसाळ्यात पाणी गोडं होतं आणि थर बारीक पडतात, त्यावरून वर्षं मोजता यायची. एका शिंपीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीशी जुळवत जुळवत आम्ही आठ वर्षांची साखळी ओवली. पडद्यावर एकेक भरती उलगडायला लागली तेव्हा मला जेवण सुचेना. माझ्या लेकाच्या लग्नाचा दिवस, मोठ्या वादळाचा दिवस, सगळं त्या शिंप्यांत होतं. वादळाच्या दिवसाचा थर तर हाताने खरवडल्यासारखा वेडावाकडा. मी नवऱ्याला ओढून आणून तो दाखवला. तो म्हणाला, "छान," आणि भात मागायला लागला. काय बोलायचं अशा माणसाला!

आणि मग निकेल दिसलं. कोबाल्टही. सपाट रेघेतून मध्येच सुळके उठायचे, पार पडद्याच्या वर जाणारे.

"सापडलं!" केतकी ओरडली. पण दोन दिवसांनी तीच डोकं धरून बसली. "ताई, हे कधी होतंय याचा नियमच लागत नाही. कारखान्यातून गळत असतं तर रोज दिसलं असतं. मुद्दाम सोडत असते तर पाळीप्रमाणे, ठराविक वारी दिसलं असतं. हे कधी मंगळवारी, कधी शनिवारी. कधी पाच तारखेला, कधी एकवीसला. संगणकालाही काही कळेना."

"संगणकाला तारखा कळतात. खाडीला कुठे कळतात तारखा?" मी म्हटलं.

आमच्या सोसायटीत जुनं कॅलेंडर कोणी काढत नाही, दरवर्षी नवं त्याच खिळ्यावर टांगतात. मी आठच्या आठ कॅलेंडरं खाली उतरवली. केतकीने सुळक्यांच्या तारखा वाचायच्या आणि मी त्या दिवशीची तिथी सांगायची.

"बारा फेब्रुवारी."

"चतुर्दशी."

"तेरा."

"पौर्णिमा."

"अठ्ठावीस."

"अमावास्या! केतकी, पुढची वाच, पुढची!"

एकूण एक सुळका उधाणाचा! आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. आमच्या खाडीला वर अर्धा तास धरायचा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची भरती दुपारी पावणेबाराच्या सुमाराला, जेव्हा गाव जेवायला बसतं. आणि तीच सगळ्यात मोठी भरती. ती वळली की ओहोटी अशी धावते की पाण्यात काहीही सोडा, संध्याकाळच्या आत समुद्रात. म्हणून तर पाण्याची तपासणी करणाऱ्यांना कधी काही सापडलं नव्हतं. तिसऱ्यांनी मात्र जाता जाता एकेक घोट घेऊन ठेवला होता.

"केतकी, हे कुणा परदेशी साहेबाचं डोकं नव्हे," मी म्हटलं. नाचायचंच तेवढं बाकी होतं. "तो घड्याळ बघतो. हे तिथी बघणाऱ्याचं काम आहे. आमच्यातल्याच कुणाचं तरी!"

"पण मग ही खाच कसली?" केतकीने पडद्यावर बोट ठेवलं. "चतुर्दशी, पौर्णिमा असे सुळके आहेत, द्वितीयेला परत आहे. मध्ये एक दिवस कोरा. दोन्ही भरत्या स्वच्छ. दर उधाणाला हेच, आठही वर्षं."

पुढचा दात पडलेल्या पोरासारखी ती ओळ दिसत होती. मध्ये एकच फट. पौर्णिमा आणि द्वितीया यांच्यामध्ये काय येतं? प्रतिपदा, म्हणजे आमचा पाडवा.

मी हातातलं कॅलेंडर खाली ठेवलं.

आमचे वडील, आबा, वद्य पाडव्याला खाडीच्या तोंडाशी होडी उलटून गेले. नितेश तेव्हा बारा वर्षांचा होता. त्या दिवसापासून आईने शपथ घातली, आमच्या कुबलांच्या घरातलं कोणीही कुठल्याच पाडव्याला खाडीच्या पाण्याजवळ जाणार नाही. मी लग्न होऊन कोयंडे झाले तरी पाडव्याला तिसऱ्या काढत नाही. गावात कुणी कामाला दांडी मारली तर आजही म्हणतात, आज कुबलांचा पाडवा वाटतं! आणि माहेरी आता कर्ता पुरुष एकच उरला होता.

केतकीला मी म्हटलं, "डोकं दुखतंय," आणि उठले. सुनावणीला चार दिवस राहिले होते.

नितेश अंगणात टँकर धूत होता. मी आडून आडून बोलणारी बाई नव्हे. "नित्या, पाणी घाटावर नेतोस की रस्त्याच्या मोरीवरून खाडीत सोडतोस?"

पाइप त्याच्या हातात तसाच वाहत राहिला. "कोण म्हणालं?"

"तिसऱ्या म्हणाल्या."

आधी तो हसला, मग चिडला. मग टँकरच्या पायरीवर खाली बसला. "सगळ्याच फेऱ्या नाही गो, ताई. बाकी दिवशी जातो घाट चढून. पण कंपनीने भाव असा ठरवलाय की रोज घाट चढलो तर डिझेलसुद्धा सुटत नाही. उधाणाला मोठं पाणी असतं. म्हटलं, धुऊन जाईल सगळं. समुद्र काय एवढासा आहे?"

"आणि पाडव्याला?"

त्याने मान खाली घातली. "आईची शपथ आहे ना."

शपथ पाळली मेल्याने, आणि विष ओतलं! मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. "सुनावणीत सांगून टाक," मी म्हटलं.

"कुणाला काय झालंय सांग ना? तिसऱ्या खाऊन कोण मेलंय? माझा टँकर गेला तर खायचं काय? तू गप्प बसलीस तर कंपनीवर जाईल सगळं. जाऊ दे की. पाणी त्यांचंच आहे ना!"

त्यातही खोट काढता येत नव्हती, हीच तर पंचाईत होती. मी गप्प बसले असते तर कंपनी बदनाम झाली असती, दुसरा टप्पा गेला असता, कदाचित पहिलाही. पाचशे घरांचा पगार गेला असता, पण नित्या वाचला असता. दोन दिवस मी भाकरी थापताना, अंघोळ करताना हेच घोळवत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी नितेशची लेक ओवी आली. वय साडेसहा, तोंडाला क्षणाची उसंत नाही. तिने मूठ उघडली. आत पुढचा दुधाचा दात!

"आत्ते, तुझ्या कौलावर टाकूया! आमच्याकडे स्लॅब आहे, त्यावर सोलर आहे. उंदीर येणार कुठून नि नवीन दात देणार कसा?"

आमच्याकडे पडलेला दात कौलावर टाकून उंदराकडे नवा मागतात. दात टाकायला मी हात उगारला आणि तसाच थांबवला. दात! दातही थराथरानेच वाढतो, केतकीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "ओवी, हा दात दोन दिवस आत्तेकडे राहू दे. उंदराला मी सांगते."

मी नितेशला आणि त्याच्या बायकोला, श्वेताला बोलावून घेतलं आणि सगळ्यांना सोसायटीत नेलं. केतकीला खरं काय ते सांगितलं. तिने दात यंत्रात ठेवला.

"दुधाचा दात आईच्या पोटात असतानाच घडायला लागतो," ती हळू आवाजात म्हणाली. "रोजचा एक थर. बाळ जन्मतं त्या दिवशी त्यात एक ठळक रेघ पडते. ही बघा. हा ओवीचा वाढदिवस."

श्वेताने पुढे होऊन ती रेघ बघितली. वाढदिवसाच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना निकेल होतं, कोबाल्ट होतं. जन्मानंतर होतंच, पण जन्माच्या आधीही.

"मला पाचव्या महिन्यात तिसऱ्यांचे डोहाळे लागले होते," श्वेता म्हणाली. "रोज खाल्ल्या मी. ताईंनीच आणून दिल्या."

हो, मीच दिल्या होत्या. निवडून, मोठ्या मोठ्या.

नितेशने पडद्याजवळ तोंड नेलं. "ताई, यात पाडवा कुठे आहे? एक दिवस तरी कोरा असेल ना?"

"शरीर खाडीसारखं नसतं, दादा," केतकी म्हणाली. "ते एका ओहोटीत धुऊन निघत नाही. आज ओवीला काही झालेलं नाही. पुढे काय, ते मी सांगू शकत नाही."

नितेश उठला आणि निघून गेला. श्वेता त्याच्या मागे गेली नाही.

सुनावणी शाळेच्या पटांगणात होती. मांडव तुडुंब भरलेला. एका बाजूला बॅटरीवाले, दुसऱ्या बाजूला खाडीवाले, मंचावर जिल्ह्याचे अधिकारी आणि कंपनीची परदेशी प्रमुख, हान्नाबाई. तिच्या कानात भाषांतराचं बोंडूक होतं. नितेश मला कुठेच दिसेना. केतकीने आलेख दाखवले आणि म्हणाली, "याचा अर्थ दर्शनाताईंनी लावला. त्याच सांगतील."

मी माईक धरला. तिथी सांगितली, उधाण सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या, त्यांना ते लगेच कळलं. मग अधिकाऱ्यांनी विचारलं, "पण हे करतंय कोण?"

समोर श्वेता बसली होती, तिच्या मांडीवर ओवी. ओवी दात पडलेलं तोंड उघडून माझ्याकडे बघून हसत होती.

"प्रत्येक उधाणात एक दिवस कोरा आहे," मी म्हणाले. "पाडव्याचा. पाडव्याला पाण्याशी न जाणारं घर या गावात एकच आहे. माझं माहेर."

आणि मागून आवाज आला, "मी केलं."

नितेश मांडवाच्या दाराशी उभा होता. हातात प्लास्टिकची पिशवी. लोकांमधून वाट काढत तो मंचापाशी आला आणि पिशवी टेबलावर उपडी केली. गेटपास! आठ वर्षांचे, गठ्ठेच्या गठ्ठे.

"मी गुन्हेगार आहे, मला घेऊन जा," तो म्हणाला. "पण हे वाचा. घाट चढून उतरायला पाच तास लागतात. उधाणाला माझा टँकर गेटमधून साडेअकराला बाहेर, एकला आत. दीड तासात! प्रत्येक पासवर कंपनीचा शिक्का आहे. आठ वर्षांत एकानेही विचारलं नाही, नितेश, तुझ्या टँकरला पंख आहेत काय रे?"

बॅटरीवालेही उठून उभे राहिले. कोणी टाळ्या वाजवत होतं, कोणी शिव्या देत होतं, आणि दोन्ही त्यालाच. हान्नाबाईने एक पास उचलला, त्यावरच्या वेळा वाचल्या, दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग कानातलं बोंडूक काढून ठेवलं.

त्या दिवशी दुसरा टप्पा फेटाळला गेला नाही आणि मंजूरही झाला नाही. आधी शुद्धीकरण केंद्र कारखान्याच्या आवारातच, स्वतःच्या खर्चाने बांधा, दर महिन्याला गावाच्या शिंप्या ग्रामसभेत वाचा, आठ वर्षांत जन्मलेल्या पोरांची तपासणी कायम करत राहा. मग बोलू. कंपनीला दंड झाला, दोन बडे साहेब घरी गेले. टँकर जप्त झाला. नितेशला अकरा महिन्यांची शिक्षा झाली.

पंचेचाळीस सालच्या चैत्रात आवारातलं केंद्र सुरू झालं. दिवाळी झाल्यावर मी खाडीतून ताज्या तिसऱ्या काढल्या. शिंपी हाताला जाड लागली. आता थरवाचक माझ्या ताब्यात असतो, पगारही मिळतो. दुसऱ्या दिवशी सोसायटीत जाऊन शिंपी कापली, यंत्रात ठेवली आणि कॅलेंडर घेऊन बसले. चतुर्दशी, पौर्णिमा, द्वितीया... मी पुन्हा मागे गेले. पुन्हा मोजलं.

यंत्र तसंच टाकून मी धावत सुटले. पायात चप्पल नाही, पदर कुठे त्याचा पत्ता नाही. नितेश धक्क्यावर उभा होता, पाण्यापासून चांगला दहा पावलं मागे. कारण त्या दिवशीही पाडवा होता. शेजारी ओवी, तोंडात दोन मोठे नवे दात.

"नित्या!" मी लांबूनच ओरडले. "पाडवा सापडत नाही रे! सगळे दिवस सारखेच स्वच्छ! पाडवा कुठला ते ओळखताच येत नाही!"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"परत मोज गो, ताई," तो रडत म्हणाला. "परत एकदा मोज."